खांदा जखडलाय? सोनोग्राफीत बघून इंजेक्शन घेण्यापासून हात पुन्हा वर जाईपर्यंतची वाट

फ्रोजन शोल्डर झालेल्या माणसाला सल्ले भरपूर मिळतात. कोणी तेल सांगतं, कोणी हाड बसवणाऱ्याचा पत्ता देतं, कोणी म्हणतं इंजेक्शन अजिबात घेऊ नकोस, आणि शेजारची म्हणते, "मला एका इंजेक्शनात बरं वाटलं." कोणत्या गोष्टीनंतर कोणती करायची हे मात्र कोणी सांगत नाही, आणि या दुखण्यात सगळ्यात जास्त महिने तिथेच वाया जातात. मला मधुमेह आहे, उजवा खांदा जखडला होता आणि फळ्यावर लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यातून गेल्यावर जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधीच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंजेक्शन खांदा मोकळा करत नाही. ते सूज आणि कळ कमी करतं, तेही काही आठवड्यांपुरतं. त्या आठवड्यांत खांदा मोकळा करायचा असतो तो व्यायामाने, आणि तो तुम्हालाच करावा लागतो. दोन्हीची वेळ जुळली तर फरक पडतो.

१. आधी खात्री करा: खांदा दुखतोय की जखडलाय?

खांदा दुखण्याची कारणं बरीच असतात. स्नायूबंध फाटलेला असू शकतो, त्यात कॅल्शियमचा खडा साठलेला असू शकतो, मानेतली नस दबलेली असू शकते. जखडलेल्या खांद्याची खूण वेगळी. तुम्ही स्वतः हात उचलला तरी तो जात नाही आणि दुसऱ्याने धरून उचलला तरी तिथेच अडतो. स्नायूबंध फाटलेला असेल तर स्वतःहून हात जात नाही, पण दुसऱ्याने उचलला की बराचसा वर जातो.

घरी करून बघण्यासारखी एक तपासणी आहे. आरशासमोर उभं राहा. दोन्ही कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि कोपर न हलवता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात सहज उघडतो. जखडलेला हात थोडा उघडून जागीच थांबतो, आणि पुढे रेटायला गेलात की कोपर कमरेपासून सुटतं. खांदा जखडताना बहुधा ही बाहेर फिरण्याची हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते. त्यानंतर हात बाजूने वर नेणं, आणि मग पाठीमागे नेणं. पदर खोचताना, मागच्या खिशातून पाकीट काढताना, बसमध्ये वरचा दांडा धरताना लोकांना पहिल्यांदा जाणवतं ते यामुळेच.

हे दुखणं साधारण चाळीस ते साठ या वयात होतं, बायकांना जास्त. मधुमेह असेल तर शक्यता कितीतरी पटींनी वाढते. थायरॉइडचा आजार असणाऱ्यांतही ते जास्त दिसतं. हात बराच काळ गळ्यात अडकवून ठेवावा लागला, म्हणजे मनगट मोडून प्लास्टर झालं, स्तनाची शस्त्रक्रिया झाली, पक्षाघात झाला, तर त्यानंतरही खांदा जखडतो. तुमची शुगर कधीच तपासली नसेल आणि खांदा कारण नसताना जखडला असेल, तर शुगर आणि थायरॉइड दोन्ही तपासून घ्या. खांद्यामुळे मधुमेहाचा पत्ता लागलेली माणसं आहेत.

आणि ही सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. डाव्या खांद्यात अचानक दुखायला लागलं, सोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा मळमळ असेल, तर तो खांद्याचा प्रश्न नाही असं धरून सरळ हॉस्पिटल गाठा. खांदेदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, हाताला मुंग्या येऊन ताकद कमी होत असेल, किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तरी आधी डॉक्टरांकडे जा. व्यायामाचे व्हिडिओ नंतर.

२. तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात ते ओळखा

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं. हात वर जाताना ते उलगडावं म्हणून काखेच्या बाजूला त्याला चांगली ढिली घडी असते. या दुखण्यात त्या आवरणाला सूज येते, मग ते जाड होतं आणि आकसतं, पहिल्याच धुण्यात आटलेल्या ब्लाउजच्या बाहीसारखं. साधारण निरोगी खांद्यात २० ते ३० मिलिलिटर द्रव मावतो. जखडलेल्या खांद्यात १० मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

पहिला टप्पा दुखण्याचा. रात्री कळ असह्य, हालचाल हळूहळू कमी होत जाते. हा दोन ते नऊ महिने चालू शकतो. दुसऱ्या टप्प्यात दुखणं उतरतं, पण हात अडलेला राहतो. हे चार ते बारा महिने. तिसऱ्यात हात हळूहळू सुटू लागतो आणि त्याला आणखी पाच महिने ते दोन वर्षं लागू शकतात. पुस्तकात टप्पे असे वेगळे दिसतात, प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात.

टप्पा ओळखायचा तो एवढ्यासाठी, की स्टेरॉइडचं इंजेक्शन पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. तिथे सूज असते आणि औषध सुजेवर चालतं. दुखणं संपून नुसता ताठरपणा उरला असेल तर नुसत्या स्टेरॉइडकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्या वेळी सांध्यात पाणी भरून आवरण ताणण्याचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. "आपोआप बरा होतो" हे खूप जणांच्या बाबतीत खरं आहे, पण त्या आपोआपला दोन-तीन वर्षं लागू शकतात आणि काहींचा हात शेवटपर्यंत थोडा अडलेला राहतो. मधुमेह असणाऱ्यांनी तर वाट बघत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

३. फाइल तयार करा

डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी हीच फाइल कामाला येते:

- खांद्याचा एक्स-रे. फ्रोजन शोल्डरमध्ये तो बहुधा नॉर्मल येतो. झीज, खडा किंवा सांधा निखळलेला नाही ना, हे बघण्यासाठी तो काढतात.
- उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी तपासणी), थायरॉइडचा टीएसएच.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं ठळक लिहा.
- औषधांची ॲलर्जी. भूल देण्याच्या इंजेक्शनाने, अगदी दात काढतानाही, कधी त्रास झाला असेल तर तो.
- आधी खांद्यात इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख आणि औषधाचं नाव.
- एका पानावर दुखण्याचा इतिहास: कधी सुरू झालं, रात्री किती वेळा जाग येते, कोणती कामं अडली.

एमआरआयची घाई करू नका. बहुतेकांचं निदान हाताने तपासून आणि एक्स-रेवरून होतं. स्नायूबंध फाटल्याची शंका असेल, किंवा सगळं करूनही गाडी अडली असेल, तर डॉक्टर तो सांगतील. दुखायला लागल्या लागल्या आपल्या मनाने एमआरआय काढला की त्यात वयानुसार दिसणाऱ्या दहा गोष्टी लिहून येतात आणि माणूस उगाच धास्तावतो.

४. कोणाकडे जायचं, काय विचारायचं

अशी इंजेक्शनं ऑर्थोपेडिक सर्जन देतात, रेडिओलॉजिस्ट देतात, वेदना-उपचार करणारे भूलतज्ज्ञ देतात आणि फिजिकल मेडिसिनचे डॉक्टरही देतात. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था पुनर्वसनाच्याच कामासाठी आहे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांत ऑर्थोपेडिक आणि फिजिओथेरपी विभाग एकाच आवारात सापडतात, ही मोठी सोय आहे.

आपल्याकडची एक गोष्ट नवख्या माणसाला कोड्यात टाकते. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची आणि ते जिथे ठेवलं आहे त्या जागेची नोंदणी करावी लागते. त्यामुळे साध्या ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये मशीन असेलच असं नाही. डॉक्टर चिठ्ठी देऊन सोनोग्राफी सेंटरला पाठवतात आणि इंजेक्शन तिथेच होतं. बाहेर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" असा बोर्ड आणि आत गरोदर बायकांची रांग बघून चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटून परत फिरू नका.

बघून इंजेक्शन का? खांद्याचा सांधा खोल आहे, वर जाड स्नायू आहे. नुसत्या बोटांच्या अंदाजाने टोचलेली सुई काही वेळा सांध्याच्या बाहेरच राहते, आणि मग "मला इंजेक्शनचा गुण आला नाही" असं म्हणायची पाळी येते. अंदाजाने देणारे अनुभवी हातही आहेत आणि त्यांनी बरे झालेले लोकही आहेत. पण सुई पडद्यावर दिसत असेल तर औषध योग्य जागी पडल्याची खात्री जास्त, आणि शेजारच्या नसा-रक्तवाहिन्या टाळता येतात. सोनोग्राफीऐवजी काही ठिकाणी सी-आर्मच्या (इंजेक्शन देताना पडद्यावर चालू चित्र दाखवणाऱ्या मशीनच्या) एक्स-रेखाली, रंगद्रव्य सोडून जागा नक्की करतात. तेही चालतं, फक्त त्यात थोडे एक्स-रे लागतात, म्हणून गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी सांगा.

डॉक्टरांना हे विचारा, संकोच करू नका:

- इंजेक्शन बघून देणार ना? सोनोग्राफीत की सी-आर्मखाली?
- औषध सांध्याच्या आत देणार की सांध्यावरच्या द्रवाच्या पिशवीत (बर्सा)? (जखडलेल्या खांद्यासाठी मुख्य जागा सांध्याच्या आत.)
- स्टेरॉइड कोणतं आणि किती?
- नंतर व्यायाम कधी सुरू करायचा, आणि फिजिओथेरपिस्टसाठी चिठ्ठी देणार का?
- सांगितलेल्या खर्चात औषध, मशीन आणि डॉक्टरांची फी सगळं धरलंय का?

विमा असेल तर कंपनीला आधीच विचारा. एका दिवसात, भरती न होता झालेली इंजेक्शनं पुष्कळ पॉलिसींत बसत नाहीत, आणि बिल हातात आल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

५. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते समजून घ्या

*सांध्यातलं स्टेरॉइड.* सगळ्यात जास्त दिलं जाणारं. ट्रायामसिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ४० ते ८० मिलिग्रॅम, सोबत भुलीचं औषध. दुकानातून आणायला सांगितलं तर केनाकॉर्ट किंवा डेपो-मेड्रॉल अशी नावं दिसतील. औषध दुधासारखं पांढरं असतं.

*हायड्रोडायलेटेशन.* स्टेरॉइड आणि भुलीच्या औषधाबरोबर सलाइन, एकूण साधारण २० ते ४० मिलिलिटर, सांध्यात हळूहळू भरतात म्हणजे आकसलेलं आवरण आतून ताणलं जातं. भरताना खांदा गच्च झाल्यासारखा वाटतो आणि थोडी कळही येते. ती सांगत राहा. डॉक्टर थांबून थांबून भरतात.

*सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह ब्लॉक.* खांद्याला संवेदना देणारी एक मुख्य नस खांद्याच्या मागच्या हाडाच्या खाचेतून जाते. तिच्याजवळ भुलीचं औषध देऊन दुखणं खाली आणतात. ज्यांना स्टेरॉइड नको किंवा चालत नाही त्यांच्यासाठी उपयोगी. काही जण वरच्या दोन्हींबरोबरही हे देतात.

पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) वगैरेची जाहिरात बरीच दिसते. पहिला उपाय म्हणून त्यावर मोठा खर्च करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

६. शुगर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: यात ढिलाई नको

स्टेरॉइड सांध्यात दिलं तरी थोडं रक्तात उतरतंच. मधुमेह असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत शुगर चांगलीच वर जाऊ शकते आणि साधारण आठवडाभरात खाली येते. म्हणून इंजेक्शनच्या आधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा. इंजेक्शन देणारे डॉक्टर आणि मधुमेहाचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील असं गृहीत धरू नका, निरोप तुम्हीच न्यायचा. विचारायचं इतकंच: शुगर किती वेळा बघू, किती झाली तर फोन करू, आणि इन्सुलिनचं काय करू. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आधीच आणून ठेवा. शुगर आधीच हाताबाहेर असेल तर इंजेक्शन पुढे ढकलून ती आटोक्यात आणणं जास्त शहाणपणाचं. तसं सांगणारे डॉक्टर टाळाटाळ करत नसतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर हे जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना सांगा, निर्णय त्यांचा.

ताप असेल, कुठे संसर्ग चालू असेल, खांद्यावर फोड किंवा जखम असेल, तर तारीख बदला. येत्या काही महिन्यांत त्या खांद्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तेही आवर्जून सांगा.

७. इंजेक्शनचा दिवस

सैल, पुढून उघडणारा कपडा घाला. साडी असेल तर ब्लाउज पुढून हुकांचा, बाही ढिली. सोबत कोणीतरी हवं, कारण खांदा काही तास बधिर राहतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नसते. नुसत्या जागेवरच्या भुलीत होणार असेल तर उपाशी राहायची सहसा गरज नसते; मधुमेह असेल तर उपाशी जाणं उलट धोक्याचं. तरी सेंटरला फोन करून विचारून घ्या.

आत गेल्यावर काय होतं? तुम्हाला चांगल्या कुशीवर झोपवतात किंवा स्टुलावर बसवून दुखऱ्या हाताचा पंजा दुसऱ्या खांद्यावर ठेवायला सांगतात, म्हणजे सांध्याची मागची बाजू उघडी होते. कातडी जंतुनाशकाने पुसतात, गार जेल लावतात आणि प्रोब टेकवतात. पडद्यावर बघायला मिळालं तर नक्की बघा. दंडाच्या हाडाचा गोल माथा पांढऱ्या कमानीसारखा दिसतो, त्याच्यावर स्नायूचे करडे थर. आधी एक बारीक सुई कातडी बधिर करते, तिची चुणचुण असते. मग लांब सुई मागून तिरपी आत येते. पडद्यावर एक पांढरी रेघ सरकत सरकत कमानीच्या कडेला येऊन टेकते आणि तिथे काळसर द्रव पसरताना दिसतो. मला दिलं तेव्हा डॉक्टर त्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा ताई, आत गेलं." टोचण्याच्या भीतीपेक्षा हे बघण्याचं समाधान मोठं होतं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम.

नंतर लगेच उठून पळू नका. अर्धा तास तिथेच बसा. चक्कर, अंगावर पित्त उठणं, श्वास जड होणं असं काही झालं तर तिथेच सांगता येतं. निघताना औषधाचं नाव, प्रमाण आणि तारीख फाइलमध्ये लिहून घ्या.

८. पहिले दोन-तीन दिवस

संध्याकाळी खांदा हलका वाटेल. हे भुलीच्या औषधाचं काम. रात्री ते उतरतं आणि दुखणं परत येतं, कधी कधी आधीपेक्षा जास्त. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. स्टेरॉइडचा खरा परिणाम दोन-तीन दिवसांनी, काहींना आठवड्याने जाणवतो. तोवर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या. मूत्रपिंडाचा त्रास, ॲसिडिटी, रक्तदाब असेल तर दुकानातून मनाने वेदनाशामक आणू नका.

चेहरा लाल होऊन गरम वाटणं, एक-दोन रात्री झोप कमी लागणं, पाळी पुढे-मागे होणं हे होऊ शकतं आणि जातं. टोचल्या जागेची कातडी काहींची थोडी फिकट पडते.

पण ताप आला, खांदा लाल होऊन सुजला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी दिवसागणिक वाढत चाललं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. सांध्यातला संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तो तातडीचाच असतो.

पहिले एक-दोन दिवस बादली, सिलिंडर, जड पिशवी उचलू नका. हात गळ्यात मात्र बांधू नका. हलकी हालचाल चालू राहायला हवी.

९. व्यायाम: इथेच खांदा सुटतो

सामान फार लागत नाही. एक टेबल, एक काठी किंवा लांब छत्री, एक पंचा, गरम पाण्याची पिशवी, भिंतीवर खूण करायला पेन्सिल आणि रोज लिहायला वही.

कुठे थांबायचं हे आधी ठरवून घ्या. ताण जाणवला पाहिजे, दहापैकी तीन-चारपर्यंतची कळ चालेल. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात ती शांत झाली पाहिजे. रात्रीचं दुखणं वाढलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून दुसऱ्या दिवशी कमी करा, पण सोडू नका. एकदाच तासभर राबण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा पाच-सात मिनिटं केलेलं अंगी लागतं. आधी दहा मिनिटं शेक. गरम पाण्याने आंघोळ झाल्या झाल्या केलेला व्यायाम सगळ्यात सोपा जातो.

*झोका.* चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा. कंबर हलवून हात पुढे-मागे आणि लहान गोलात झुलू द्या. हाताने जोर लावायचा नाही. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशीपासून हे बहुतेकांना करता येतं.

*टेबलावर सरकवणं.* खुर्चीत बसा, तळहाताखाली पंचा ठेवा, आणि पुढे वाकत हात टेबलावरून सरकवत न्या. ताण आला की दहा-पंधरा सेकंद थांबा. हात वर न उचलता खांदा उघडतो, म्हणून दुखऱ्या टप्प्यात हा माझा सगळ्यात आवडता.

*काठीने बाहेर फिरवणं.* पाठीवर झोपा, दुखऱ्या कोपराखाली घडी केलेला पंचा ठेवा, कोपर काटकोनात. दोन्ही हातांत काठी आडवी धरा आणि चांगल्या हाताने ढकलून दुखरा हात बाहेर न्या. कोपर पंच्यावरून हलता कामा नये. वेळ कमी असेल त्या दिवशी बाकी सगळं सोडा, पण हा करा. गेलेली पहिली हालचाल हीच असते आणि ती आल्याशिवाय हात पूर्ण वर जात नाही.

*भिंतीवर बोटांनी चढणं.* भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर वर जा. जिथे अडलं तिथे पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. इथे फसवणूक सोपी असते: खांदा कानाकडे उचलला किंवा टाचा वर केल्या की खूण वर जाते, सांधा तिथेच राहतो. आरसा बाजूला ठेवा किंवा घरातल्या कोणाला तरी खांद्यावर तळवा ठेवायला सांगा.

*हात छातीसमोरून ओढणं.* दुखऱ्या हाताचं कोपर चांगल्या हाताने धरून समोरून दुसऱ्या खांद्याकडे ओढा, वीस सेकंद.

*पंच्याने पाठीमागे.* पाठ पुसतो तसा पंचा धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा. पहिल्या आठवड्यांत हा करू नका. खूप जणी हुक लावता यावेत म्हणून इथूनच सुरुवात करतात आणि खांदा पुन्हा चिडतो. बाकीच्या हालचाली बऱ्यापैकी आल्या की मग.

रबरी पट्ट्यांचे ताकदीचे व्यायाम आणखी पुढचे, हात बराचसा सुटल्यावरचे.

दिवसाच्या कामांतही थोडं सांभाळा. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. झोपताना पाठीवर, कोपराखाली उशी. किंवा चांगल्या कुशीवर, पोटाशी उशी घेऊन त्यावर दुखरा हात. स्वयंपाकघरात रोजचे डबे छातीच्या उंचीवर आणा आणि सुधारणा झाली की एकेक डबा मुद्दाम वरच्या फळीवर सरकवत जा.

१०. फिजिओथेरपिस्ट निवडताना

चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी कोनमापकाने हात मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. "बरं वाटतंय का" एवढंच विचारून मशीन लावून देणारा नको. शेक, विजेचे सौम्य झटके, अल्ट्रासाउंड ही मशीनं थोडा आराम देतात, पण हाताने केलेलं ताणणं आणि घरचा व्यायाम यांची जागा घेत नाहीत. इथे एक गोंधळ नेहमी होतो: फिजिओथेरपीतलं अल्ट्रासाउंड मशीन शेकण्यासाठी असतं, त्यात चित्र दिसत नाही. "माझी सोनोग्राफी झाली" असं समजून तीच माहिती डॉक्टरांना देऊ नका.

फिजिओथेरपीची पहिली भेट इंजेक्शनच्या आधीच ठरवून ठेवा. त्याच आठवड्यातली. दुखणं कमी झालं की लोकांना व्यायामाची गरज वाटेनाशी होते, आणि नेमके तेच हातातून जाऊ नयेत असे दिवस असतात.

दुखऱ्या टप्प्यात कोणी जोर लावून, कडकन आवाज काढून खांदा "मोकळा" करून देतो म्हणाला, तर तिथून उठा. नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दुखण्याच्या मर्यादेत हळुवार व्यायाम करणारे, जोर लावून ताणून घेणाऱ्यांपेक्षा दोन वर्षांनी चांगल्या स्थितीत होते. हाडवैद्याकडच्या जोराच्या मालिशीत, विशेषतः हाडं ठिसूळ झालेल्या वयात, हाड मोडण्याचाही धोका असतो. पंख्याच्या वाऱ्याने किंवा गारठ्याने खांदा जखडत नाही, त्यामुळे उन्हाळा येईपर्यंत थांबण्यातही अर्थ नाही.

११. फरक पडला नाही तर

चार ते सहा आठवड्यांनी वही, भिंतीवरच्या खुणा आणि कोनांचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे परत जा. दुखणं उतरून परत येत असेल तर दुसऱ्या इंजेक्शनचा विचार होतो. ही इंजेक्शनं सहसा काही आठवड्यांच्या अंतराने, वर्षात दोन-तीनपर्यंतच देतात. तिसऱ्यानंतरही कोणी पुढचं सुचवत असेल तर कारण विचारा आणि निदान नव्याने तपासून घ्या.

त्यानंतरचे पर्याय म्हणजे पूर्ण भूल देऊन खांदा फिरवून सोडवणं, आणि दुर्बिणीतून आकसलेलं आवरण कापणं. महिनोन्‌महिने मनापासून प्रयत्न करूनही हात अडला असेल, तर हे पर्याय आहेत आणि त्यांना घाबरायचं कारण नाही. पण घाईही नको. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूके फ्रॉस्ट या चाचणीत हे दोन्ही उपाय आणि स्टेरॉइडसह पद्धतशीर फिजिओथेरपी यांची तुलना झाली. वर्षअखेरीस तिन्हींत कोणताही एक उपाय ठळकपणे सरस ठरला नाही. कोणी पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर दुसरं मत घ्यायला हे पुरेसं कारण आहे.

एकदा बरा झालेला खांदा पुन्हा क्वचितच जखडतो. काहींचा दुसरा खांदा मात्र पुढच्या काही वर्षांत तसाच होतो, आणि मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त. म्हणून महिन्यातून एकदा आरशासमोर ती कोपर कमरेला चिकटवण्याची तपासणी दोन्ही हातांची करत राहा. दुसरा हात उघडायला कमी पडतोय असं दिसलं, तर रात्रीची कळ सुरू व्हायची वाट बघू नका. फाइल घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा; इंजेक्शन घ्यायचं झालं तर ते याच सुरुवातीच्या दिवसांत जास्त गुण देतं.